तोरणमाळच्या थंडीआधी बागेत काय काय उरकून घ्यायचं: ताईंच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

ताई, तुमचा प्रश्न दोन ओळीत उरकण्यासारखा नव्हता, म्हणून आज नर्सरी बंद करून, जेवण करून निवांत लिहायला बसलोय. प्रश्न असा होता की तुम्ही तोरणमाळला आश्रमशाळेत शिकवता, शाळेच्या आवारात अर्धा एकर उताराची जागा आहे, त्यात गुलाब, आठ-दहा आंब्याची कलमं, समोर हरळीचं लॉन आणि मुलांचे भाजीचे वाफे. मागच्या हिवाळ्यात पपई आणि टोमॅटो एका रात्रीत काळे पडले, लॉन पिवळं झालं. आता मोबाईलवर तुम्ही बाहेरच्या थंड देशातले ऑटम गार्डनिंगचे व्हिडिओ बघितले, त्यात लोक ऑक्टोबरात पानं गोळा करतात, ट्युलिपचे कंद लावतात, लॉनला खत टाकतात, तर हे आपल्याकडे करायचं का. मी शहाद्याला २६ वर्षं नर्सरी चालवतोय आणि वर डोंगरातल्या चार-पाच बागांचं कामही बघतो, त्यामुळे जे हाताने केलंय तेवढंच सांगतो.

आधी हे लक्षात घ्या की तुमच्या बागेला शहाद्याचं कॅलेंडर चालत नाही आणि त्या व्हिडिओतलंही चालत नाही. तोरणमाळ साधारण साडेअकराशे मीटरवर, आणि शहादा खाली तापीच्या खोऱ्यात. हजार मीटर वर गेलं की हवा सहा-साडेसहा डिग्रीने गार होते असा ढोबळ हिशोब आहे, म्हणजे दसऱ्याच्या वेळी आम्ही इथे पंख्याखाली बसलेलो असतो आणि तुम्ही वर संध्याकाळी स्वेटर शोधता. इथे शहादा तालुक्यात पपईचे प्लॉटच्या प्लॉट उभे आहेत म्हणून ती वरही येईल असं धरून कोणीतरी तुमच्याकडे रोपं दिली असणार. पपईच्या खोडात पाणीच पाणी असतं, गारठा तिला अजिबात सोसत नाही. ती पुन्हा लावू नका, मुलांचा फार हट्ट असेल तर किचनच्या दक्षिणेकडच्या भिंतीला चिकटून एखादं झाड ठेवा, दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब देते.

आता पानगळीचं. थंड देशात दिवस लहान व्हायला लागला, गारठा वाढला की झाड पानातलं हिरवं द्रव्य मोडून त्यातलं कामाचं ते आत ओढून घेतं, मग दडलेला पिवळा रंग उघडा पडतो आणि पान गळतं, सगळा खेळ महिना-दीड महिन्यात संपतो. सातपुड्यातलं झाड पान टाकतं ते मुख्यतः पाणी वाचवायला. जमिनीतली ओल कमी होत जाते तसतसा साग हिवाळ्यात पानं टाकायला लागतो, मोह त्याच्याही नंतर होळीच्या सुमारास, आणि अंजन तर पार उन्हाळ्याच्या तोंडावर. त्यामुळे ऑक्टोबरात पानं गोळा करायचं काम तुमच्याकडे नाहीच, ते तुमच्या वाट्याला जानेवारीत-फेब्रुवारीत येईल.

ऑक्टोबरात तुमचं काम आहे गवत. पावसाळ्यात कमरेएवढं वाढलेलं गवत बी पिकून गळायच्या आत विळ्याने कापून घ्या, बी गळालं की पुढच्या वर्षीची खुरपणी दुप्पट झाली समजा. गाजरगवत असेल तर ते फुलाच्या आधी मुळासकट उपटायचं, मुलांना त्याला हात लावू देऊ नका, अंगाला खाज सुटते, मोठ्यांनीही हातमोजे घालूनच उपटा. कापलेलं चांगलं गवत दोन-तीन दिवस सुकवून एका कोपऱ्यात रचून ठेवा, ते पुढे सोन्यासारखं कामाला येतं, कशाला ते सांगतो. आणि आवाराच्या डोंगराकडच्या बाजूने आठ-दहा फुटांचा पट्टा पूर्ण साफ ठेवा, जंगलखातं जाळरेषा काढतं ना तसाच. आत्ता हिरवंगार दिसतंय म्हणून कोणाच्या डोक्यात येत नाही, पण मार्च-एप्रिलमध्ये हेच गवत वाळून कोरडंठाक होतं आणि एखाद्या बिडीच्या थोटकाने सगळा उतार पेटतो. मी एका बागेत सहा वर्षांची आवळ्याची झाडं अशी गेलेली पाहिलीत, फक्त पट्टा काढायचा राहिला होता म्हणून.

आता मुख्य मुद्दा, थंडी. माझे वडील अहिराणीत म्हणायचे, थंडी खाले बठस. म्हणजे थंडी खाली बसते. गार हवा जड असते, ती रात्री उतारावरून पाण्यासारखी खाली वाहत येते आणि जिथे अडेल तिथे साचते. भिंत असेल तर भिंतीच्या वरच्या अंगाला, दाट कुंपण असेल तर कुंपणामागे, खोलगट जागा असेल तर तिथे. तोरणमाळला यशवंत तलावाच्या आसपासच्या सखल गवतावर पहाटे दव गोठून पांढरा पापुद्रा धरलेला दिसतो आणि त्याच दिवशी पन्नास पावलं वरच्या उतारावर काहीच नसतं, हे तुम्हीही बघितलं असेल. सातपुड्यातल्या डाब गावाकडेही तेच. म्हणून डिसेंबरची वाट न बघता आत्ताच, एका निरभ्र रात्रीनंतर पहाटे सहाला आवारात चक्कर मारा, कुठे दव सगळ्यात जास्त आहे, कुठे पायाला जास्त गार लागतं, तिथे काठ्या रोवून खुणा करा. मुलांना सोबत घ्या, त्यांना हे काम फार आवडतं आणि पावरा-भिल घरातली पोरं असतील तर त्यांना थंडी कुठे बसते ते तुमच्या-माझ्यापेक्षा आधी माहीत असतं. तुमचे टोमॅटोचे वाफे खालच्या कंपाउंडच्या भिंतीला लागून आहेत असं तुम्ही लिहिलंय. मला वाटतं तिथेच घात झाला. उतारावरून आलेली सगळी गार हवा त्या भिंतीने धरणासारखी अडवली आणि वाफे त्या धरणाच्या पोटात. भिंतीच्या तळाशी दोन-तीन ठिकाणी विटा काढून फूटभर उंचीची भोकं ठेवता आली तर बघा, हवा वाहून जाते, आणि पावसाचं पाणीही निघतं. नाही जमलं तर वाफे तिथून उचलून वरच्या मधल्या उतारावर न्या, आणि त्या खालच्या पट्ट्यात थंडी सोसणारंच लावा.

थर्मामीटर असेल तर एक गोष्ट, तो व्हरांड्यात लटकवलेला असतो आणि ४ डिग्री दाखवतो म्हणून आपण निर्धास्त झोपतो. उघड्या आकाशाखाली गवताच्या पातळीवर पारा त्याहून चार-पाच डिग्रीने खाली असू शकतो, म्हणून वर ४ असताना खाली दव गोठतं. आकाश स्वच्छ, वारा पूर्ण पडलेला, हवा कोरडी, चांदण्या लखलखीत, अशी रात्र दिसली की सावध व्हायचं. ढगाळ किंवा वाऱ्याची रात्र कितीही बोचरी वाटली तरी सहसा झाडाला इजा करत नाही.

थंडी येण्याआधी झाड टणक झालं पाहिजे. कोवळं पान मरतं, जून पान तग धरतं, बाकी सगळं याच्याभोवती फिरतं. म्हणून दसऱ्यानंतर युरिया किंवा कसलंही नत्राचं खत द्यायचं नाही, लॉनलाही नाही. मी सुरुवातीच्या काळात, २७-२८ वर्षांचा असेन, वरच्या एका बागेत दिवाळीच्या सुट्टीत आंब्याच्या कलमांना युरिया टाकला, काय सुंदर तांबूस पालवी फुटली, मालक खूश, मी खूश, आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एका रात्रीत चाळीसपैकी एकतीस कलमं शेंड्यापासून काळी पडली. ते अजून डोळ्यासमोर आहे. पालाशचं खत मात्र चालतं, सल्फेट ऑफ पोटॅश थोडं द्या किंवा घरची लाकडाची राख आळ्यात मूठ-दोन मूठ पसरा, आणि चांगलं कुजलेलं शेणखत द्यायचं तर नवरात्रीच्या आतच द्या. पाणीही ऑक्टोबर अखेरपासून हळूहळू लांबवत न्यायचं, म्हणजे वाढ थांबते आणि फांदी पिकते.

छाटणीतही हीच नजर ठेवायची. गुलाबाची छाटणी कोजागिरीच्या आगेमागे उरकली पाहिजे, छाटल्यापासून साधारण पंचेचाळीस-पन्नास दिवसांत फूल येतं, तुमच्याकडे गारठ्यामुळे आठवडाभर जास्त धरा. म्हणजे कोवळी फूट जून व्हायला वेळ मिळतो आणि कडाक्याच्या आत पहिला बहर पदरात पडतो. दिवाळीनंतर छाटलात तर नवी फूट नेमकी वाईट दिवसांत सापडते, मग त्यापेक्षा त्या वर्षी छाटूच नका, नुसती वाळलेली आणि आतल्या अंगाची गर्दी काढा. मोठ्या फुलाच्या झाडाला चार-पाच निरोगी काड्या ठेवून दीड फुटावर, बाहेरच्या बाजूच्या डोळ्यावर (जिथून नवी फूट येते तिथे) तिरका काप, सिकेटर म्हणजे छाटणीची कात्री धारदार हवी, चुरडलेला काप सडतो. खाली मैदानात काळ्या जमिनीत लोक गुलाबाची मुळं उघडी करून ताण देतात, तुमच्या मुरमाड उथळ जमिनीत ते करू नका, मुळं उन्हाने भाजतात.

कापावर बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा मोरचूद-चुन्याचा लेप, लावा. १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी हे प्रमाण, तुम्हाला एवढी लागणार नाही, १०० ग्रॅम, १०० ग्रॅम आणि १ लिटर करा. मोरचूद वेगळ्या प्लास्टिकच्या बादलीत विरघळवायचं, लोखंडी भांडं अजिबात नको, चुना वेगळा विझवून गाळून घ्यायचा आणि मग दोन्ही एकत्र करायचं. घासलेलं लोखंडी पातं मिनिटभर त्यात बुडवून बघा, त्यावर तांब्यासारखा लाल थर चढला तर चुना कमी आहे, अजून घाला. त्याच दिवशी वापरून संपवायची, शिळी पेस्ट कामाची नाही. उरलेली आंब्याच्या खोडाला दोन-अडीच फुटापर्यंत लावून टाका.

आंबा, बोगनवेल, जास्वंद, पेरू, यांना मात्र आत्ता कात्री लावू नका, मेलेली फांदी सोडून. कोणी हायड्रेंजिया आणून लावली असेल तर तिलाही हात नको, तिच्या पुढच्या फुलांचे डोळे आत्ता शेंड्याला तयार होतात, ते कापले की फूल गेलं. आणि तुम्ही लिहिलंय की गेटजवळचं पॉइन्सेटिया लाल होतच नाही, ते बघा रस्त्याच्या दिव्याखाली आहे का. त्या झाडाला लाल व्हायला रोज रात्री सलग बारा-चौदा तास काळोख लागतो, दिवा रात्रभर जळत असेल तर ते हिरवंच राहणार. शेवंतीचंही तेच, दिव्यापासून लांब लावा.

लॉनबद्दल फार लिहीत नाही. हरळी हे उष्ण हवेचं गवत, गारठ्यात ती पिवळी पडून झोपते, मेलेली नसते. मशीन एक टप्पा वर करून कापा, जमिनीलगत भादरू नका, दव गोठलेलं असताना मुलांना त्यावरून पळू देऊ नका कारण गोठलेली पात मोडली की तिथे काळे पायाचे ठसे उमटतात आणि ते महिनाभर जात नाहीत. फेब्रुवारीच्या शेवटी ऊब आली की खत-पाणी द्या, आपोआप हिरवं होईल.

आच्छादनाचं मात्र नीट समजून घ्या कारण इथे बहुतेक जण चुकतात. मघाशी जे गवत रचून ठेवायला सांगितलं ते आंबा, गुलाब, आवळा यांच्या आळ्यात तीन-चार इंच जाडीचं पसरायचं, खोडापासून एक वीत मोकळं ठेवून. मुळाशी ओल आणि ऊब टिकते आणि नोव्हेंबरनंतर पाणी कमी लागतं. खोडाला टेकवलंत तर वाळवी चढते, मुरमाड जमिनीत वाळवी फार, म्हणून खाली दोन-चार मुठी निंबोळी पेंड टाकून मग गवत पसरा आणि महिन्यातून एकदा उचकून बघा. पण भाजीच्या कोवळ्या रोपांजवळ कडाक्याच्या रात्री गवताचं आच्छादन उलटं काम करतं. दिवसभर उन्हाने तापलेली उघडी ओली माती रात्री ऊब सोडते आणि ती ऊब रोपाला मिळते, गवत पसरलं की ती ऊब खालीच अडकते आणि रोपाच्या भोवतीची हवा जास्त गार होते. म्हणून वाफ्यातलं गवत त्या आठवड्यात बाजूला करायचं, दुपारी दोन-तीनच्या सुमारास वाफे भिजवायचे, ओली माती कोरड्यापेक्षा जास्त ऊब धरते, आणि सूर्य मावळायच्या आत, जमीन कोमट असतानाच वरून झाकायचं. जुनं गोणपाट, साडी, धोतर काहीही चालेल, कामट्यांच्या कमानी करून त्यावर, पानाला न टेकता, कडा जमिनीपर्यंत आणून. प्लास्टिकचा कागद पानाला टेकला की टेकलेलं पान मरतं. आणि सकाळी ऊन आलं की काढायचंच. धूर करून काय होत नाही असं मी म्हणणार नाही, पण अर्धा एकर उघड्या उतारावर धूर थांबत नाही, आणि शाळेत लहान पोरं आहेत, त्यांच्या छातीत धूर कशाला.

आंब्याची कलमं पाच वर्षांची होईपर्यंत प्रत्येक हिवाळ्यात त्यांना झाप करा. चार काठ्या, वर आणि तीन बाजूंना गवत किंवा तुराट्या, आणि आग्नेयेची बाजू उघडी, म्हणजे सकाळचं ऊन आत येतं आणि उत्तरेचा गारठा अडतो. धडगावचा आमचूर आपल्या सगळ्यांच्या घरात असतो, म्हणजे या डोंगरात आंबा रुजतो यात शंकाच नाही, पण ते गावठी आंबे कोयीपासून तिथेच वाढलेले, हवा अंगवळणी पडलेली. आपण खालून आणलेलं केशरचं कलम नाजूक असतं. मला विचाराल तर पुढच्या पावसाळ्यात गावठी कोयी जागेवरच लावा आणि दोन वर्षांनी त्यावर कलम बांधू, मी येऊन करून देईन.

आता काय लावायचं, हा गोड भाग. ट्युलिप विसरा, त्याच्या कंदाला बारा-चौदा आठवडे सलग फ्रीजसारखा गारवा लागतो, तुमच्याकडे रात्री गार पण दुपारी चांगलं ऊन, तो फुलला तरी एकदाच फुलेल आणि कंद वाया. त्याऐवजी ग्लॅडिओलस लावा, कंद तीन-चार इंच खोल, एक वीत अंतर, उताराच्या मधल्या पट्ट्यात. डेलियाही छान येतो पण त्याला झाकावं लागतं. बियांमधून पॅन्सी, फ्लॉक्स, कॅलेंडुला, डायन्थस, हॉलीहॉक, स्वीट पी, ही सगळी गारव्याचीच फुलं, खाली शहाद्याला ती फेब्रुवारीतच उन्हाने माना टाकतात, तुमच्याकडे होळीपर्यंत फुलतील. वरच्या बागांमधली पॅन्सी बघून मला दरवर्षी तेवढाच आनंद होतो, इथे नर्सरीत मी ती कितीही जपली तरी तसा रंग कधी चढला नाही.

भाजीत लसूण, कांदा, मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर, कोबी, हे सगळं त्या खालच्या गार पट्ट्यातही जमेल. वाटाण्याचा वेल थंडी सोसतो पण फूल आणि कोवळी शेंग सोसत नाही, म्हणून तो मधल्या उतारावर. टोमॅटो, वांगी, मिरची डिसेंबर-जानेवारीत नकोच. खान्देशी माणसाला हिवाळ्यात भरीत हवंच, मलाही हवं असतं, पण ती वांगी खाली बामणोदकडे होऊ द्या, वर रोपं जानेवारीच्या शेवटी झाकून तयार करा आणि फेब्रुवारीत लावा. स्ट्रॉबेरी मात्र मुलांसाठी नक्की लावा, डाबकडे शेतकरी घेतातच. गादीवाफ्यावर एक-एक फुटावर, रोपाचा मधला गाभा मातीच्या बरोबर पातळीला, गाडला तर सडतो, उघडा राहिला तर सुकतो. फुलाचा मधला ठिपका काळा पडलेला दिसला तर ते फूल गारठ्याने गेलं, फळ धरणार नाही, खुडून टाका. आणि फळं धरल्यावर वाफ्याखाली वाळलं गवत घाला, नाहीतर मातीला टेकलेलं फळ कुजतं. कडाक्याच्या रात्री तेवढं ते बाजूला सारायला विसरू नका.

जानेवारीत सागाची पानं गळतील तेव्हा ती जाळू देऊ नका, शिपाई मामांना आधीच सांगून ठेवा कारण सवय असते. सागाचं पान जाड, सहज कुजत नाही. खड्ड्यात थर देताना काठीने बडवून चुरा करा, प्रत्येक थरावर शेणकाला शिंपडा, वर माती, आणि ओल टिकवा, पुढच्या नवरात्रीला चांगलं खत हातात येईल. त्यातलं थोडं पुढच्या वर्षीच्या खालच्या वाफ्यांना घातलं तरी फरक कळेल.

आणि एवढं सगळं करूनही एखाद्या रात्री झाड करपलंच तर घाबरून लगेच कात्री घेऊ नका. काळी पडलेली पानं झाडावर राहू द्या, ती आतल्या डोळ्यांना पुढच्या रात्री थोडंफार पांघरूण होतात, आणि आत्ता कापलं तर पुन्हा कोवळी फूट येऊन तीही मरते. सकाळी लवकर ऊन यायच्या आत हलकं पाणी द्या आणि थांबा. महाशिवरात्रीच्या यात्रेला मी दरवर्षी गोरखनाथाच्या दर्शनाला वर येतो, तेव्हा शाळेत येईन, आंब्याच्या खोडाला नखाने हलकंसं खरडून बघू, साल खाली हिरवी निघाली तिथपर्यंत झाड जिवंत आहे, आणि कात्री त्याच्या वरच चालवायची.